पूड पुसून भागत नाही: सेल गळलेलं जुनं उपकरण साफ करण्याची नीट पद्धत

माझ्याकडे एकदा खिशात मावणारा जुना कॅसेट प्लेअर आला. सेलच्या कप्प्याचं झाकण उघडलं, तर दोन्ही सेल पांढऱ्या, बुरशीसारख्या थरात रुतून बसलेले. मी सेल उपसले, चाकूने पूड खरवडली, स्प्रिंग पॉलिश पेपरने घासून चकचकीत केली आणि नवे सेल घातले. प्लेअर सुरू झाला. मी खूश. चार महिन्यांनी तो पुन्हा मुका झाला. कप्पा तसाच स्वच्छ होता, पण स्प्रिंगवर तांबूस गंज चढला होता आणि तिला जोडलेली काळी वायर जरा ओढली तर सरळ हातात आली. वायरचं आवरण सोललं, तेव्हा आतलं तांबं थेट सर्किट बोर्डापर्यंत कोळशासारखं काळं पडलेलं दिसलं. पूड जिथे दिसली तिथे मी घासत बसलो होतो आणि खाल्लं जात होतं ते दुसरीकडेच.

चाकू, पॉलिश पेपर, न उघडलेलं कव्हर आणि न लावलेला मीटर, या चारही चुका मी एकाच बैठकीत केल्या होत्या. तेव्हापासून बरीच गळकी यंत्रं हाताखालून गेली: हातातले व्हिडिओ गेम, कॅलक्युलेटर, रिमोट, ट्रान्झिस्टर, टॉर्च. पद्धत थोड्याफार फरकाने एकच लागते. ती इथे क्रमाने लिहितो आहे.

एक मर्यादा आधीच सांगतो. हा लेख एए, एएए, त्याहून मोठे गोल सेल आणि बटण सेल यांच्यापुरता आहे. जुन्या मोबाईलमधली किंवा कॅमेऱ्यातली चपटी लिथियम-आयन बॅटरी फुगली असेल तर तो वेगळा, आगीचा मामला आहे. ती दाबायची नाही, टोचायची नाही, चार्जिंगला तर मुळीच लावायची नाही. जळाऊ वस्तूंपासून लांब ठेवून बॅटरी गोळा करणाऱ्या केंद्रात द्यायची. व्हिनेगर वगैरे काहीही तिच्या जवळ नेऊ नका.

आधी ओळख: कुठला सेल गळला आहे?

लोक सरसकट ‘सेलचं अ‍ॅसिड गळलं’ म्हणतात. बहुतेक वेळा ते अ‍ॅसिड नसतं, त्याच्या नेमकं उलट असतं. अल्कलाइन सेलमध्ये पोटॅशियम हायड्रॉक्साइडचं तीव्र द्रावण असतं. हा दाहक अल्कली आहे. सेलमधलं जस्त या द्रावणात हळूहळू झिजत राहतं आणि त्यातून हायड्रोजन वायू सुटतो. सेल पूर्ण उतरल्यावर तसाच यंत्रात राहिला तर हा वायू आणखी साठतो. दाब फार वाढला की सेलच्या तळाशी असलेलं प्लास्टिकचं सील फाटतं. ते मुद्दामच कमकुवत ठेवलेलं असतं, नाहीतर अख्खा सेल फुटेल. त्या फटीतून द्रावण बाहेर झिरपतं, हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून घेतं आणि पोटॅशियम कार्बोनेट तयार होतं. आपल्याला दिसणारी पांढरी पूड ती हीच.

पूड वाळलेली दिसली म्हणून निरुपद्रवी समजू नका. पोटॅशियम कार्बोनेट हवेतला ओलावा ओढून घेतं आणि ओलं झालं की पुन्हा अल्कलीसारखं वागतं. त्यामुळे दमट दिवसांत जुनी गळती परत ‘जागी’ होते.

जुन्या पद्धतीच्या झिंक-कार्बन सेलची तऱ्हा निराळी. त्यात अमोनियम क्लोराइड किंवा झिंक क्लोराइड असतं आणि त्याचं द्रावण आम्लधर्मी असतं. शिवाय त्यात जस्ताचा डबा हाच ऋण ध्रुव असतो. सेल वापरला जातो तसा डबाच आतून खाल्ला जातो आणि शेवटी त्याला भोकं पडतात. म्हणून हा सेल कुशीतूनही गळतो आणि त्याचा राप बहुधा तपकिरी, चिकट असतो.

हे का ओळखायचं, तर अल्कलीला सौम्य आम्लाने मारायचं असतं आणि आम्लाला सौम्य अल्कलीने. औषध उलटं दिलं तर नुसता वेळ जातो. ओळखण्याची सोपी खूण सेलवरच छापलेली असते. एए आकाराच्या सेलवर ‘एलआर ६’ असेल तर तो अल्कलाइन, नुसतं ‘आर ६’ असेल तर झिंक-कार्बन, ‘एचआर ६’ म्हणजे चार्ज होणारा निकेल-मेटल हायड्राइड आणि ‘एफआर ६’ म्हणजे लिथियम. एएए आकारात ६ च्या जागी ०३ येतं. बटण सेलमध्ये ‘एलआर’ अल्कलाइन, ‘एसआर’ सिल्व्हर ऑक्साइड आणि ‘सीआर’ लिथियम. चार्ज होणाऱ्या निकेलच्या सेलमध्ये आणि ‘एलआर’, ‘एसआर’ बटणांमध्ये द्रावण अल्कलीच असतं, म्हणून त्यांनाही व्हिनेगर.

छापील अक्षरं गळतीने पुसली गेली असतील तर लाल लिटमस कागद थोडा ओला करून पुडीला लावा. निळा झाला तर अल्कली. निळा लिटमस लाल झाला तर आम्ल. लिटमसची ही छोटी पट्टी पुढेही कामाला येणार आहे, तेव्हा ती जवळच ठेवा.

निळसर-हिरवा थर दिसला तर घाबरू नका. तो सेलमधून आलेला नसतो. पितळी भांड्याला चढतो तसा तो तांब्याचा कळंक आहे. गळतीने पत्तीचा (सेलला टेकणाऱ्या धातूच्या पट्टीचा) किंवा वायरचा मुलामा खाऊन खालचं तांबं गाठलं आहे, एवढाच त्याचा अर्थ.

जवळ काय हवं

नायट्राइलचे हातमोजे आणि डोळ्यांवर चष्मा या दोन गोष्टी ऐच्छिक नाहीत. बाकी यादी घरगुती आहे: साधं पांढरं व्हिनेगर (सुमारे ५ टक्के अ‍ॅसेटिक आम्ल असलेलं), झिंक-कार्बनसाठी खाण्याचा सोडा, डिस्टिल्ड वॉटर, ९० टक्क्यांहून जास्त शुद्धतेचं आयसोप्रोपिल अल्कोहोल, इअरबड, जुना टूथब्रश, लाकडी टूथपिक, टिश्यू पेपर, बारीक स्क्रू ड्रायव्हरचा संच आणि मल्टीमीटर. दुरुस्ती करावी लागली तर सोल्डरिंग गन, सोल्डर (जोडकामाचा वितळणारा धातू), फ्लक्स (सोल्डर नीट धरावं म्हणून लावायचा पदार्थ) आणि थोडी पातळ वायर.

लिंबाचा रस व्हिनेगरच्या जागी चालतो, पण त्यातली साखर आणि गर मागे चिकटून राहतात. पर्याय नसेल तरच. व्हिनेगर आणि सोडा एकत्र करून ‘जालीम’ मिश्रण करण्याचा सल्ला काही जण देतात. दोघं एकमेकांनाच मारतात, फेस तेवढा छान येतो.

अल्कली बोटांना लागला तर साबणासारखा बुळबुळीत लागतो. कारण तो त्वचेवरच्या तेलाचा खरोखरच साबण करत असतो. लागला तर वाहत्या पाण्याखाली हात भरपूर वेळ धरा. त्वचेवर व्हिनेगर ओतायचं नाही. डोळ्यात कण गेला तर किमान १५ ते २० मिनिटं सतत पाण्याने डोळा धुवायचा आणि लगेच डॉक्टरकडे जायचं. आधी कोरडी पूड खरवडू नका, असं मी पुढेही म्हणणार आहे, त्याचं अर्धं कारण हेच आहे: ती उडते.

पायरी १: सेल बाहेर काढणं

खाली जुना कागद अंथरा आणि काहीही हलवण्याआधी कप्प्याचा फोटो काढा. कुठल्या टोकाला किती राप आहे हे नंतर आठवत नाही आणि तीच माहिती पुढे लागते.

सुटे असतील ते सेल टूथपिकने किंवा प्लास्टिकच्या पट्टीने उचकटून काढा. धातूचा पेचकस घुसवू नका. अल्कलाइन सेलचा बाहेरचा पूर्ण डबा धन ध्रुवाचा असतो, वर फक्त पातळ प्लास्टिकचं वेष्टण असतं. ते फाटून पेचकस डबा आणि स्प्रिंग दोघांना एकदम टेकला आणि सेलमध्ये थोडा जीव उरला असेल तर शॉर्ट होतो.

रुतून बसलेल्या सेलशी ताकदीची कुस्ती करू नका. टोकाशी ड्रॉपरने व्हिनेगरचे चार-पाच थेंब सोडा, फसफस शांत होऊ द्या, टिपून घ्या, पुन्हा थेंब सोडा. दहा-पंधरा मिनिटांत कवच मऊ होतं आणि सेल हलक्या हाताने गोल फिरवला की सुटतो. टॉर्चच्या नळीत अडकलेल्या सेलला जास्त धीर लागतो. नळी उभी धरून रात्रभरही ठेवावी लागते. ड्रिलने भोक पाडून सेल ओढण्याचे प्रयोग करू नका आणि नळी तापवू तर नकाच.

काढलेले सेल प्लास्टिकच्या पिशवीत बांधा, ध्रुवांना चिकटपट्टी लावा आणि बॅटरीच्या कचऱ्यात द्या. गळलेला सेल ‘अजून १.४ व्होल्ट दाखवतोय’ म्हणून परत वापरायचा नसतो.

पायरी २: यंत्र उघडा, कप्पा स्वच्छ दिसत असला तरी

बहुतेक लोक ही पायरी गाळतात, आणि माझ्या अनुभवात यंत्रं इथेच वाचतात किंवा जातात. अल्कलाइन सेलचं सील ऋण टोकाला, म्हणजे स्प्रिंगला टेकणाऱ्या सपाट बाजूला असतं. त्यामुळे गळती आधी स्प्रिंगवर येते. स्प्रिंगचं शेपूट कप्प्याच्या भिंतीतून आत जाऊन वायरला किंवा बोर्डाला जोडलेलं असतं आणि अल्कलीला धातूच्या अंगावरून पुढे सरकत जाण्याची खोड आहे, विशेषतः ऋण बाजूच्या. वायरच्या आवरणाच्या आतून तो दिव्यातल्या वातीत तेल चढावं तसा चढतो. बाहेरून वायर अगदी नवीकोरी दिसते.

उघडताना योग्य पेचकस वापरा. १९८९ च्या मूळ गेम बॉयला (निन्टेन्डोचा हातातला व्हिडिओ गेम) बाहेरून तीन पाकळ्यांचे स्क्रू आहेत, त्याच्या कार्ट्रिजला (गेमच्या कॅसेटला) ३.८ मिलिमीटरचा खास बिट लागतो. चपट्या पेचकसाने जबरदस्ती करून स्क्रूचं डोकं एकदा गेलं की साफसफाई राहते बाजूला. पुष्कळ जपानी यंत्रांतले चौफुलीचे स्क्रू वरवर फिलिप्ससारखे दिसतात, पण ते जेआयएस (जपानी मानक) मापाचे असतात. फिलिप्स त्यात नीट बसत नाही आणि घसरतो. एखादा स्क्रू हटूनच बसला असेल तर त्यातही राप गेला असण्याची शक्यता आहे. व्हिनेगरचा एक थेंब घालून पाच मिनिटं थांबा.

दोन्ही अर्धे एकदम ओढू नका. आत पातळ रिबन केबल असते. सुटलेले स्क्रू ज्या जागचे त्या क्रमाने कागदावर चिकटवून ठेवा. लांबी वेगवेगळी असते आणि लांब स्क्रू चुकीच्या भोकात गेला तर पुढच्या बाजूने बाहेर येतो. (विचारू नका मला कसं कळलं.)

आत गेल्यावर तीन गोष्टी पाहा. स्प्रिंगच्या आणि पत्त्यांच्या शेपटांवर राप आहे का. वायरचं आवरण कुठे फुगलं, कडक झालं किंवा टोकाशी हिरवट झालं आहे का. बोर्डावरचा रंगाचा थर कुठे काळपट किंवा फोड आल्यासारखा आहे का.

इथे एक फसगत होते. सगळी गळती सेलची नसते. १९९० च्या आसपासच्या काही हातातल्या व्हिडिओ गेममध्ये, सेगाच्या गेम गिअरमध्ये तर हमखास, बोर्डावरचे वीज साठवणारे छोटे इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर गळतात. राप सेलच्या कप्प्यापासून लांब, कपॅसिटरच्या पायथ्याशी असेल तर गुन्हेगार तो आहे. बोर्ड धुऊन फायदा होतो, पण कपॅसिटर बदलावेच लागतात.

पायरी ३: मारणं, धुणं, वाळवणं

क्रम महत्त्वाचा आहे: आधी व्हिनेगर, मग पाणी, मग अल्कोहोल. एकही वगळायचं नाही.

पत्त्या आणि स्प्रिंग कप्प्यातून निघत असतील तर काढाच. पुष्कळ यंत्रांत त्या नुसत्या खाचेत सरकवलेल्या असतात, वायर सोल्डरमधून सोडवली की वर ओढून येतात. सुट्या पत्त्या वाटीभर व्हिनेगरमध्ये टाका. फसफस सुरू होते, म्हणजे कार्बोनेट मरतं आहे. पाच-दहा मिनिटांनी ब्रशने घासा, गरज वाटली तर पुन्हा टाका. रात्रभर बुडवून ठेवण्याचा मोह टाळा. राप संपल्यावर आम्ल धातूकडे वळतं आणि निकेलचा उरलासुरला मुलामा खातं.

पत्त्या निघत नसतील तर इअरबड व्हिनेगरमध्ये भिजवून, निथळून, मग लावा. यंत्र व्हिनेगरने न्हाऊ घालायचं नाही. कप्प्याची खाच भिंतीपलीकडे बोर्डात उघडते आणि जास्तीचं आम्ल तिकडे जाऊन बसतं. टेकवा, फसफसू द्या, कोरड्या बडने टिपा, नवा बड घ्या. नवा बड फसफसायचा थांबला की व्हिनेगरचं काम संपलं. कोपऱ्यांत टूथपिकचं टोक चालवा. कवच फार जाड असेल तर ते व्हिनेगरने ओलं करूनच उचला, कोरडं नाही.

झिंक-कार्बनचा राप असेल तर व्हिनेगरच्या जागी कपभर पाण्यात चमचाभर खाण्याचा सोडा. बाकी सगळं तसंच.

मग डिस्टिल्ड वॉटरने भिजवलेल्या बडने दोन-तीनदा पुसा. नळाचं पाणी वाळल्यावर क्षार मागे ठेवतं, म्हणून डिस्टिल्ड. घाई असली की लोक पाणी गाळून थेट अल्कोहोलवर जातात. ते चुकतं, कारण राप मारल्यावर तयार झालेला पोटॅशियम अ‍ॅसिटेट हा क्षार पाण्यात झटकन विरघळतो आणि ओलावाही ओढतो. तो पाण्यानेच न्यायला हवा. इथे लिटमस काढा. ओल्या जागेवर लाल आणि निळी दोन्ही पट्ट्या टेकवून रंग बदलला नाही, म्हणजे अल्कलीही उरला नाही आणि आम्लही नाही.

शेवटी अल्कोहोल. ते पाण्याला बरोबर घेऊन उडून जातं. पण स्क्रीनपासून जपा. अ‍ॅक्रिलिकच्या काचेला अल्कोहोलने बारीक भेगा पडू शकतात, कव्हरवरची छापील अक्षरं पुसली जाऊ शकतात आणि एलसीडीच्या कडेतून आत शिरलेलं द्रव डाग पाडतं. रबरी बटणांखालच्या काळ्या कार्बनच्या टिकल्या घासू नका, नुसत्या टिपा.

आता यंत्र उघडंच २४ तास ठेवा. हेअर ड्रायर लावायचाच तर गार हवेवर. गरम हवेने जुनं प्लास्टिक वाकडं होतं.

पायरी ४: स्प्रिंग आणि पत्त्या ठेवायच्या की बदलायच्या

इथे पॉलिश पेपरवाल्यांशी माझं भांडण आहे. स्प्रिंग पोलादाची असते आणि तिच्यावर निकेलचा पातळ मुलामा असतो. गंजापासून राखणारा तो मुलामाच. खरखरीत पेपरने घासलं की पृष्ठभाग सुंदर चमकतो, कारण आपण उघड्या पोलादापर्यंत पोचलेलो असतो. काही आठवड्यांत त्यावर गंज. माझ्या कॅसेट प्लेअरचं हेच झालं.

धुऊन झाल्यावर धातू नुसता काळपट दिसत असेल, पण गुळगुळीत असेल, तर खोडरबराने घासा, तेवढं पुरतं. टोकाला टाचणीएवढे खड्डे असतील तर ८०० किंवा १००० नंबरच्या पेपरने तेवढीच जागा हलकेच घासा आणि लगेच तिच्यावर कल्हई करा. कल्हई म्हणजे अक्षरशः कल्हई: फ्लक्स लावून, गन टेकवून, सोल्डरचा पातळ थर पसरवायचा. उघड्या पोलादावर साध्या रोझिन फ्लक्सने सोल्डर पकडत नाही, जरा जहाल फ्लक्स लागतो आणि तो नंतर धुऊन टाकावा लागतो, नाहीतर एक खाणारा घालवून दुसरा बसवल्यासारखं होतं. हे काम पत्ती कप्प्याबाहेर काढूनच करा, प्लास्टिक वितळायला दोन सेकंद पुरतात. स्प्रिंगचे वेढे फार तापवू नका, ताण जातो. टेकणारं टोक आणि सोल्डरचं शेपूट एवढंच करा.

वेढा बारीक झाला असेल, दाबल्यावर स्प्रिंग परत वर येत नसेल किंवा हाताने तुकडा पडत असेल तर बदला. एए, एएएच्या स्प्रिंग आणि पत्त्या सुट्या मिळतात. बंद पडलेल्या रिमोटमधूनही निघतात. मी मोडके रिमोट फेकत नाही ते याचसाठी. नवीन पत्ती बसवताना स्प्रिंगकडे ऋण ध्रुव येतो आहे ना, हे पहिल्या फोटोवरून ताडून घ्या.

पायरी ५: वायर

संशय असेल ती वायर मोकळी करून टोकाचं आवरण सेंटिमीटरभर सोला. तांबं लालसर चमकदार असेल तर ठीक. काळं असेल तर आणखी सोला, चमक दिसेपर्यंत. काळ्या तांब्यावर सोल्डर गोळा होऊन घसरतं, पकडत नाही. मी हल्ली जोडकाम करत बसत नाही, ऋण बाजूची वायर आख्खी बदलतो. दहा सेंटिमीटर वायरसाठी पुन्हा यंत्र उघडणं परवडत नाही. २६ किंवा २८ गेजची, अनेक पदरी वायर लहान उपकरणांना पुरते. मोटर असलेल्या यंत्राला थोडी जाड घ्या. रंग तोच ठेवा, पुढे उघडणाऱ्याला दुवा मिळेल.

वायर ज्या जागी बोर्डाला भिडते तिथलं जुनं सोल्डर करडं, भुसभुशीत दिसत असेल तर पूर्ण शोषून काढा आणि नवं घाला. जुन्यावरच नवं चढवू नका.

पायरी ६: बोर्ड

राप बोर्डावर पोचला असेल तर तीच पद्धत, पण व्हिनेगर अगदी थेंबाने आणि मिनिटभरच. रंगाचा थर जिथे फोडासारखा उचलला आहे तिथे खालची तांब्याची रेघ खाल्ली जात असते. फायबरग्लासच्या पेनने तो सैल थर काढा. त्याची धूळ टोचते आणि छातीत जाऊ नये, म्हणून ओल्या टिश्यूने लगेच टिपून घ्या. रेघ अखंड असेल तर तिच्यावर सोल्डरचा थर द्या. तुटली असेल तर बारीक इनॅमल वायरचा पूल बांधा. वरून सोल्डर मास्क (बोर्डाचा संरक्षक रंग) किंवा पारदर्शक नेलपॉलिशचा हात फिरवा, पण लिटमसने खात्री झाल्यावरच, नाहीतर राप आतच कोंडला जाईल.

जुन्या कॅलक्युलेटरमध्ये स्क्रीनला जोडणारी कागदासारखी पट्टी असते. ती उष्णतेने चिकटवलेली असते, सोल्डर केलेली नसते. तिच्यावर गळती गेली असेल तर ओढून, सोलून पाहू नका. कोरड्या बडने टिपा आणि नशिबावर सोडा. काही यंत्रं इथे संपतात.

पायरी ७: मीटरने विचारा

स्वच्छ दिसणं आणि वीज नीट वाहणं यात फरक आहे. आधी सेल न घालता कंटिन्युइटी (विजेची वाट अखंड आहे का) पाहा: स्प्रिंगच्या टोकापासून बोर्डावरच्या शेवटच्या सोल्डरपर्यंत. मीटरच्या दोन्ही वायरी एकमेकींना टेकवून येणारा आकडा वजा केल्यावर जवळजवळ शून्य ओहम यायला हवा. मग धन आणि ऋण यांच्यात शॉर्ट नाही ना, ते तपासा. चुकून राहिलेला सोल्डरचा गोळा इथे सापडतो.

नुसती बीप मात्र पुरेशी नाही. मीटर अगदी किरकोळ प्रवाह सोडून मोजतो आणि पदर तुटलेली वायरही त्याला बीप देते. खरी परीक्षा यंत्र चालू असताना. नवे सेल घाला, यंत्र सुरू करा, मीटर डीसी व्होल्टवर ठेवा. एक टोक सेलच्या सपाट तळावर आणि दुसरं बोर्डावर जिथे ऋण वायर येते तिथे टेकवा. आदर्श आकडा शून्य. मला शंभर मिलिव्होल्टच्या आत आला तर मी कव्हर बंद करतो. जास्त आला तर एक टोक तिथेच ठेवून दुसरं टप्प्याटप्प्याने मागे आणा, आधी वायरच्या अलीकडच्या टोकाला, मग स्प्रिंगच्या शेपटाला. आकडा जिथे एकदम पडतो तिथेच दोष. धन बाजूलाही हेच करा.

हा खटाटोप का, ते एका हिशेबात कळतं. सांध्यात फक्त ५ ओहमचा अडथळा उरला आणि यंत्र १०० मिलिअँपिअर घेत असेल, तर अर्धा व्होल्ट तिथेच गडप होतो. दोन सेलच्या ३ व्होल्टमधला अर्धा व्होल्ट गेला की यंत्राला नवे सेलही म्हातारे वाटतात. ‘सेल लवकर संपतात’ अशी तक्रार असलेली पुष्कळ जुनी यंत्रं खरं तर अशीच आजारी असतात.

पहिल्यांदा सुरू केल्यावर पाच मिनिटं सेलवर बोट ठेवून बसा. गरम वाटले तर ताबडतोब काढा.

सोल्डर केलेलं नाणं

कार्ट्रिजमध्ये आणि काही यंत्रांत ‘सीआर’ जातीचा लिथियम सेल बोर्डालाच जोडलेला असतो. तो क्वचित गळतो, पण काढला की त्याच्या जोरावर टिकलेली माहिती, म्हणजे गेममधली प्रगती किंवा कॅलक्युलेटरमधले प्रोग्रॅम, जातात. आधी त्याची प्रत काढून घ्या. नवा सेल पत्त्या जोडलेलाच आणा. साध्या नाण्याच्या अंगावर गन टेकवून सोल्डर करू नका, तापून तो फुटू शकतो.

पुन्हा गळू नये म्हणून

महिनाभर वापरायचं नसेल तर सेल काढून ठेवा. बटण बंद आहे म्हणून निर्धास्त राहू नका. पुष्कळ यंत्रं ‘बंद’ असतानाही थेंबथेंब वीज पितात. जुना-नवा किंवा दोन जातींचे सेल एकत्र घालू नका. कमजोर सेल आधी रिकामा होतो, बाकीचे त्याच्यातून प्रवाह ढकलत राहतात, तो उलटा चार्ज होतो आणि गळतो. चार सेलांपैकी एकच गळलेला दिसतो त्यामागे बहुधा हे असतं.

नेहमी सेल आतच ठेवायचे असतील, तर निकेल-मेटल हायड्राइड किंवा ‘एफआर’ लिथियम बरे. दोन्हींत गळती फारच कमी. पहिल्यांचा व्होल्टेज १.२ असतो, काही जुनी यंत्रं त्यावर लवकरच ‘बॅटरी कमी’ म्हणतात. दुसऱ्यांचा नवेपणी, भार नसताना, १.८ च्या आसपास जातो. सहा सेलांच्या यंत्रात ही वाढ दीड-दोन व्होल्टची होते, तेव्हा यंत्र किती सहन करतं हे आधी पाहा.

साफ केलेल्या कप्प्यात तारखेची छोटी चिठ्ठी चिकटवा आणि महिन्याभराने झाकण उघडून लाल लिटमसची ओली पट्टी पुन्हा एकदा टेकवा. निळी झाली तर कुठल्या तरी खाचेत राप उरला आहे. पायरी ३ पासून परत.